पेट्रोल की डिझेल? आधी मंगळवारचं बोला!

मास कम्युनिकेशन केलेल्या मुलीचा एक मोठा प्रॉब्लेम असतो. घरच्यांना वाटतं, हिला सगळ्यातलं सगळं कळतं. मोबाइल घ्यायचाय? हिला विचारा. म्युच्युअल फंड? हिला विचारा. मध्यंतरी एका आत्याने मला गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सल्ला विचारला होता. त्यामुळे मे महिन्यात एका रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला आणि ‘थार घेतोय, पेट्रोल की डिझेल, पटकन सांग’ असं तो म्हणाला, तेव्हा मी दचकले वगैरे नाही. सेकंडहँड स्कूटरवर पुणं पालथं घालणाऱ्या मुलीने सोळा-सतरा लाखांच्या गाडीचं इंजिन निवडावं, हे आमच्या घराण्यात अगदी नॉर्मल आहे.

दादा हिंजवडीत आयटीत आहे. मला वाटलं, झालं, ह्यालाही लागलं वेड! आता वीकेंडला काळा गॉगल, टपावर बांधलेला जेरीकॅन आणि लोणावळ्याला कांदाभजी. मी म्हटलं, ‘अरे, भजी खायला फोर बाय फोर लागत नाही. माझी स्कूटरही जाते तिथपर्यंत.’

तो हसला नाही. म्हणाला, ‘आईला खाली आणायचंय गं. पावसाळ्यात.’

मग मात्र मी उठून बसले.

सांगते. माझी मावशी आणि काका भोरच्या पुढे, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात राहतात. काका एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं बस हाकली, रिटायर झाले आणि सरळ गावी निघून गेले. डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथून घर अडीच किलोमीटर. मध्ये एक ओढा, मग लाल मातीचा चढ आणि त्या चढावर एक असं वळण, की पायी जातानाही माणूस देवाचं नाव घेतो. मागच्या जुलैत मावशी गोठ्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. अँब्युलन्स डांबर संपेपर्यंत आली; त्यापुढे येणं तिला शक्यच नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून गावातल्या चौघांनी मावशीला भर पावसात खाली आणलं. दीड तास लागला. दादा तेव्हा ऑफिसात कॉलवर होता. ही गोष्ट तो एरवी बोलत नाही.

ऑपरेशन झालं, मावशी तीन महिने पुण्यात राहिली आणि वॉकर हातात आल्याबरोबर ‘फ्लॅटमध्ये कोंडल्यासारखं होतं’ म्हणून परत वर गेली. आता डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी बोलावलंय. आणि जून ते सप्टेंबर त्या अडीच किलोमीटरवर ट्रॅक्टरशिवाय काही चालत नाही. खुब्यात रॉड घातलेल्या बाईला ट्रॅक्टरवर बसवणार कोण?

तर मंडळी, गाडी का घ्यायची, हा प्रश्न मिटलेला होता. इंजिन कुठलं, एवढाच बाकी होता. आणि त्यावरून घरात महायुद्ध पेटलं होतं.

तीन माणसं, तीन इंजिनं

काकांचं मत फोनवरच कळलं. ‘डिझेल म्हणजे डिझेल. पेट्रोल घ्यायला ती काय स्कूटर आहे?’ (हे मला होतं.) वहिनीला पेट्रोल हवं होतं, तेही ऑटोमॅटिक. कारण दादा ऑफिसच्या बसने जातो. गाडी रोज वापरणार ती. तिची बँकेची ब्रँच घरापासून साडेतीन किलोमीटरवर. आणि दादा? तो रोज रात्री रील्स बघून रोज सकाळी मत बदलत होता. त्याची एक्सेल शीट सतरा कॉलमपर्यंत पोचली होती.

काकांची बाजू आधी समजून घेऊ. कारण ऑफ-रोडिंगच्या कुठल्याही ग्रुपमध्ये गेलात तर नव्वद टक्के लोक काकांचंच बोलतात. त्यांचे मुद्दे तीन. एक, डिझेल ओढतं. दोन, डिझेलला पाण्याची भीती नाही. तीन, डिझेल ढकललं तरी चालू होतं आणि कुठलाही गावठी मेकॅनिक ते उघडू शकतो.

तिन्ही मुद्दे खरे होते, काकांच्या बसच्या बाबतीत.

टॉर्कचा फंडा

आधी ‘ओढतं’ म्हणजे काय? गाडीच्या ब्रोशरमध्ये दोन आकडे असतात. पॉवर आणि टॉर्क. हायवेवर गाडी किती पळेल, ते पॉवर सांगते. चिखलात रुतलेलं चाक किती जोरात फिरेल, ते टॉर्क. डोंगरात आपल्याला दुसरा आकडा हवा आणि तो इंजिन कमी फेऱ्यांवर असतानाच हवा. जुन्या पेट्रोल इंजिनाला टॉर्क काढायला बोंबलायला लावावं लागायचं, डिझेल मात्र हळू आवाजात गुपचूप ओढायचं. म्हणून २०१० साली पहिली थार आली, तेव्हा ती फक्त डिझेलमध्येच आली आणि कुणाचीही तक्रार नव्हती.

पण २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली आणि गणित बदललं. तिच्या २.२ लिटर डिझेलची पॉवर १३० बीएचपी, टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, १६०० फेऱ्यांपासून पुढे. २ लिटर टर्बो पेट्रोलची पॉवर १५० बीएचपी आणि टॉर्क? मॅन्युअलमध्ये तोच ३००, ऑटोमॅटिकमध्ये ३२०. आणि तोही १५०० फेऱ्यांच्या आसपास! ही टर्बोची करामत. जास्तीची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची, की पेट्रोलही खालच्या फेऱ्यांवर ओढायला लागतं. म्हणजे ‘डिझेल ओढतं’ हे बरोबर, पण ‘पेट्रोल ओढत नाही’ हे आता चूक.

आणि एक गंमत सांगते. २०२३ मध्ये आलेली मारुतीची जिम्नी घ्या. टर्बो नाही, टॉर्क जेमतेम १३४. थारच्या निम्म्याहून कमी. तरी ती डोंगर चढते. कशी? एक तर वजनाला हलकी. आणि दुसरं, तिच्याकडे ‘लो रेंज’ आहे. थारमध्ये हा जो छोटा दुसरा गियरचा दांडा असतो, त्याला ‘फोर-लो’त टाकलं, की चाकांपर्यंत पोचणारा जोर साधारण अडीचपट होतो आणि वेग तेवढ्याच पटीने कमी. थोडक्यात, इंजिनाच्या वीस-तीस न्यूटन-मीटरवरून भांडण्यात अर्थ नाही. तो छोटा दांडा गाडीत आहे की नाही, ते आधी बघा.

स्वस्त आणि मस्त, पण…

दांडा नसलेली थारही मिळते! आणि दादा तिच्याच प्रेमात पडायला आला होता. जानेवारी २०२३ मध्ये १.५ लिटर डिझेलची थार आली. पॉवर ११७ बीएचपी, टॉर्क तोच ३००, दिसायला सेम टू सेम. फक्त इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना. ती इतकी स्वस्त का, तर टॅक्समुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली गाडी आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर. १.५ डिझेल अलगद १८ च्या खान्यात बसते. २ लिटर पेट्रोल आणि २.२ डिझेल, म्हणजे फोर बाय फोर ज्यांना मिळतं ती इंजिनं, ४० च्या.

‘लाखो रुपये वाचतायत,’ दादा म्हणाला. ‘दिसायला तीच आहे.’

‘आई दिसायला बसणार आहे का त्यात?’ वहिनी म्हणाली. विषय संपला.

खरं सांगते, तुमच्यापैकी ज्यांना फक्त थार ‘दिसायला’ हवी आहे, त्यांच्यासाठी ही गाडी बेस्ट आहे. लाज कसली? शंभरातल्या कितीतरी फोर बाय फोरनी तो छोटा दांडा कधी हलवलेलाही नसतो. पण ज्याच्या रस्त्यात खरंच ओढा आहे, त्याने मागच्या दोन चाकांच्या भरवशावर राहू नये.

पाच दारांची रॉक्सही यादीत होती. पण ऑगस्ट २०२४ मध्ये ती आली तीच मुळी फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये घेऊन. शिवाय बजेट ओलांडत होतं आणि त्या वळणावर लांब गाडी काकांना नको होती. म्हणजे उरल्या तीन दारांच्या दोन गाड्या. पेट्रोल किंवा डिझेल, दोन्ही फोर बाय फोर.

चिखलातली परीक्षा

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बाणेर रोडवर होते. बाणेर रोडवर सगळ्याच गाड्या छान चालतात. म्हणून आम्ही जुगाड केला. दादाच्या ऑफिसातल्या मित्राची पेट्रोल ऑटोमॅटिक आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची डिझेल मॅन्युअल, दोन्ही मालकांसकट, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात थेट गावी नेल्या. आदल्या रात्री पाऊस झाला होता. भातखाचरांत पाणी, रस्त्यात लाल चिखल. परीक्षक काका, हातात काठी, डोक्यावर इरलं नाही तरी प्लास्टिकचा कागद.

आधी ओढा. काकांनी काठी पाण्यात घालून बघितली. गुडघ्याच्या जरा खाली. थारला कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणजे मांडीला लागेपर्यंत. दोन्ही गाड्या आरामात गेल्या. ‘डिझेलला पाण्याची भीती नाही’ हा काकांचा मुद्दा मी इथे काढला. जुन्या डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे प्लग भिजून बंद पडायची भानगड नव्हती. हे खरं. पण हवा घेणाऱ्या नळीतून पाणी आत गेलं, तर दोन्ही इंजिनं सारखीच मरतात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. उलट डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा आधीच कमी असते, त्यामुळे थोडंसं पाणीही पुरतं. तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली तर, पेट्रोल असो की डिझेल, परत स्टार्टर मारायचा नाही. ओढून बाहेर काढायची. काका म्हणाले, ‘हे मला माहितीय.’ आणि पुढे चालू लागले.

मग तो चढ. मैत्रिणीची डिझेल पुढे. फोर-लो, पहिला गियर, काका स्टिअरिंगवर. त्यांनी क्लचवरून पाय काढला, अ‍ॅक्सिलरेटरवरूनही काढला आणि गाडी आपली आपण टकटकटक करत चढायला लागली. काकांच्या चेहऱ्यावर तीस वर्षं उजळली! आणि बरोबर वळणावर गाडी थांबली. चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखलाचा फवारा थेट माझ्या अंगावर.

दादा म्हणाला, ‘बघा, डिझेल जड असतं, नाक खाली जातं.’

काका उतरले. टायरवरून हात फिरवला. ‘इंजिनाला कशाला बोल लावतोस? चपला झिजल्यात हिच्या.’

मैत्रिणीचे टायर चाळीस हजार किलोमीटर पळलेले, अगदी टकले झाले होते. काकांनी हवा कमी करायला लावली, साधारण बावीस पीएसआयपर्यंत. टायर जरा पसरट झाला, जमिनीला जास्त चिकटला आणि दुसऱ्या प्रयत्नात डिझेल वर गेली. मागून पेट्रोल आली. तिचे टायर नवे होते. ती पहिल्याच दमात गेली, आवाज न करता. उतारावर दोन्ही गाड्या फोर-लोमध्ये पहिल्या गियरवर सोडल्या. ब्रेकला जेमतेम पाय लावावा लागला.

मग वहिनी बसली. हे कुणीच ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, ‘दादा कॉलवर असेल त्या दिवशी मलाच यायचंय ना?’ (वहिनीही त्याला आमच्यासमोर दादाच म्हणते. असो.) डिझेल मॅन्युअल घेऊन ती निघाली, वळणावर घाबरून क्लच दाबला, गाडी मागे आली, क्लचचा जळका वास सुटला. काकांनी शांतपणे सांगितलं, ‘सूनबाई, क्लच सोडा. गाडीला चढू द्या.’ दुसऱ्यांदा तिने जमवलं. पण खाली आली तेव्हा हात थरथरत होते. मग तीच पेट्रोल ऑटोमॅटिक घेऊन चढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर गाणं गुणगुणत.

काका काठी टेकून बघत होते. काही बोलले नाहीत. पण मला वाटतं, तिथेच एक निकाल लागला होता. आम्ही महिनाभर पेट्रोल-डिझेल करत होतो आणि डोंगरावर फरक पडला तो टायरमुळे आणि गियरबॉक्समुळे.

आता मंगळवारचं बोला

ऑटोमॅटिक ठरली. पण ऑटोमॅटिक दोन्ही इंजिनांना मिळते. मग?

मग मी दादाला माझा सल्ला दिला, जो मला खरं तर पहिल्या फोनलाच सुचायला हवा होता. डोंगराचं सोड. मंगळवारी गाडी काय करणार, ते सांग.

मंगळवारी वहिनी बँकेत जाणार. साडेतीन किलोमीटर, चार सिग्नल, बारा मिनिटं. संध्याकाळी परत. इंजिन धड तापायच्या आत बंद. आणि नव्या डिझेलचं दुखणं नेमकं इथे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाची चाळणी बसते. ती धुरातली काजळी अडवते. चाळणी भरत आली, की गाडी एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापवून ती काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात पळायला हवी. बारा मिनिटांत बँक आली आणि किल्ली फिरवली, की जाळण्याचं काम अर्धवट. असं वारंवार झालं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते आणि शेवटी वर्कशॉप. शिवाय अर्धवट राहिलेल्या कामातलं न जळलेलं डिझेल हळूहळू इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ते वेगळंच.

माझ्या ओळखीतल्या एकाने डिझेल एसयूव्ही (कुठली ते जाऊ दे) घेतली आणि वर्षभर फक्त कोथरूड ते डेक्कन फिरवली. तो आता दर रविवारी काही काम नसताना खेड-शिवापूरपर्यंत गाडी पळवून आणतो. का, तर चाळणी साफ करायला. कुत्र्याला फिरवावं तसा डीपीएफ फिरवतो बिचारा!

‘पण आपण पंधरा दिवसांनी भोरला जाणारच की,’ दादा म्हणाला. ‘हायवे मिळेल.’ बरोबर आहे. बहुतेक वेळा निभावेल. पण एखादी फेरी चुकेल, दोन चुकतील आणि नेमका ज्या दिवशी फोन येईल, त्या दिवशी तो दिवा लागलेला असेल. मागचा जुलै आठवून दादाने तो विषय तिथेच थांबवला.

राहिले पैसे. ह्यात डिझेलवाले नेहमी जिंकतात, म्हणून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. वहिनीचे महिन्याचे साधारण दीडशे किलोमीटर, गावच्या दोन फेऱ्यांचे तीनशे. एकूण ४५०. ज्यांच्या गाड्या नेल्या होत्या त्या दोघांच्या अनुभवाप्रमाणे पेट्रोल लिटरला नऊ देते, डिझेल बारा. पुण्यातले २०२५ चे भाव धरले, पेट्रोल १०४ च्या आसपास, डिझेल ९०. पेट्रोलचा खर्च महिन्याला ५२००, डिझेलचा ३३७५. वाचले १८२५ रुपये. दादाच्या हातातल्या दोन कोटेशनमध्ये ऑन-रोड फरक सव्वा लाखाचा. (आपल्या राज्यात डिझेलवर वाहन करही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त लागतो, तो ह्यातच आला.) म्हणजे सव्वा लाख वसूल व्हायला जवळजवळ पावणेसहा वर्षं. तोपर्यंत दादाला पुढच्या गाडीची रील्स दिसायला लागलेली असतील!

आता हाच हिशेब महिन्याला १५०० किलोमीटरला करा. बचत सहा हजारांवर जाते आणि सव्वा लाख एकवीस महिन्यांत वसूल. म्हणून डिझेल वाईट, असं मी मुळीच म्हणत नाहीये. तुमचं काम हायवेवरचं असेल, रोज चाकण किंवा रांजणगाव असेल, दर शनिवारी कोकण असेल, मागे ट्रेलर असेल, तर डोळे मिटून डिझेल घ्या. ५७ लिटरच्या टाकीत डिझेल जवळपास ६८० किलोमीटर जाते, पेट्रोल ५१०. स्पितीला पंप शोधताना हे एकशे सत्तर किलोमीटर फार प्रेमळ वाटतात. (थंडीत जाणार असाल, तर एवढंच लक्षात ठेवा की साधं डिझेल गारठ्यात घट्ट होतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलं, ते उगाच नाही.)

तर फंडा असा. डोंगर कुठलीही थार चढेल, पण महिन्यातले अठ्ठावीस दिवस ती डोंगरावर नसते. ते अठ्ठावीस दिवस ज्या इंजिनाला मानवतात, ते इंजिन उरलेल्या दोन दिवशी दगा देत नाही.

जाता जाता, काकांकडून

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून फिरू नका. अशा गाड्यांत पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, वळणावर यंत्रावर ताण येतो. हवा कमी केलीत तर डांबरावर आल्याबरोबर परत भरा, त्यासाठी छोटा पंप गाडीत ठेवा. ओढायचा पट्टा असू द्या आणि तो ओढायला दुसरी गाडीही. एकट्याने चिखलात जाऊ नका. आणि हे माझ्याकडून. कोकणात समुद्राच्या वाळूत गाडी घालून रील बनवू नका. भरती तुमची पॉवर-टॉर्क विचारत नाही, पोलीस गुन्हा दाखल करतात आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत कासवांची अंडी असतात.

आणि मावशी?

हे सगळं होईपर्यंत मावशी ओट्यावर बसून आमची गंमत बघत होती. आम्ही चिखलाने माखून वर आलो, दादा उत्साहाने म्हणाला, ‘आई, पेट्रोल ऑटोमॅटिक ठरली!’

मावशीने दारात उभ्या असलेल्या गाडीकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. म्हणाली, ‘छान आहे. पण मी चढू कशी त्यात?’

शांतता.

सतरा कॉलमची एक्सेल शीट, महिनाभराची भांडणं, ३०० की ३२० न्यूटन-मीटर, सगळं झालं होतं. पण खुब्यात रॉड असलेल्या बाईला एवढ्या उंच गाडीत पाय टाकता येईल का, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. मास कॉम!

वहिनीने हात दिला, दादाने मागून धरलं, मावशीने प्रयत्न केला. पाय पोचला, पण जोर लागेना. चेहऱ्यावर कळ दिसली. आम्ही तिला परत ओट्यावर बसवलं. दादा काही न बोलता फोनवर दुसऱ्या गाड्या बघायला लागला. पण त्या रस्त्यावर चढेल अशी बुटकी गाडी आणायची कुठून?

काका तेवढ्यात कुठे गेले, कुणाला कळलं नाही. मागच्या पडवीतून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. अर्ध्या तासाने ते बाहेर आले, हातात फणसाच्या जुन्या फळीची पायरी. दोन टप्प्यांची, खाली रबर ठोकलेलं. एसटीच्या दारात असते ना, साधारण त्याच मापाची. गाडीच्या दाराशी ठेवली, स्वतः दोनदा चढून-उतरून बघितलं. मग मावशीला हाताला धरून आणलं. एक पाय, दुसरा पाय, आणि मावशी पुढच्या सीटवर.

गाडी बुक झालीय. पेट्रोल ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. डिझेल न घेतल्याने वाचलेल्या पैशांतून चांगले टायर, पट्टा आणि हवेचा पंप येणार आहे. काकांना विचारलं, ‘मग पटलं का पेट्रोल?’

‘इंजिनाचं तुम्ही बघा,’ काका म्हणाले. ‘तिला चढवायचं मी बघतो.’